परातीवरचा कॅमेरा: पाणपक्षी, चतुर आणि जुन्या गाड्या, एका वर्षाच्या नोंदी

29 ऑक्टोबर 2023, रविवार. मुंबई

मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा आहे आणि शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. म्हणजे उद्यापासून काळीपिवळी पद्मिनी अधिकृतपणे रस्त्यावर नसेल. हे वाचून पहाटेच्या गाडीने पुण्याहून निघालो आणि दादर ते बोरीबंदर या पट्ट्यात भर उन्हात पाच तास फिरून 210 छायाचित्रे घेतली. परतीच्या गाडीत ती पाहताना लक्षात आले की एकही चांगले नाही. सगळी उभ्याने घेतलेली आहेत, त्यामुळे गाडीचे छत आणि वरचे कॅरिअर मोठे दिसते, चेहरा खाली दबतो आणि मागे बसथांबे, फलक व माणसांचे पाय येतात. गाडी होती एवढे त्यावरून सिद्ध होते, पण ते काम पंचनाम्याचे झाले.

रात्री घरी जुने संच उघडले तेव्हा पक्ष्यांचीही तीच तऱ्हा दिसली. पुण्याजवळच्या कवडीपाटच्या बांधावर उभे राहून खाली पाण्यातल्या शेकाट्याचे चित्र घेतले की मागे फक्त करडे पाणी उरते. चतुरांची (ड्रॅगनफ्लाय कीटकांची) चित्रे तर सगळी वरून, पंख आणि जमीन एकाच पातळीत चिकटलेली. म्हणून ठरवले की वर्षभरात पाणपक्षी, चतुर आणि जुन्या किंवा गावाकडच्या गाड्या यांची प्रत्येकी 8, अशी एकूण 24 छायाचित्रे छापण्याजोगी तयार करायची आणि प्रत्येक वेळी कॅमेरा समोरच्याच्या डोळ्याच्या उंचीवर न्यायचा. गाडीचा डोळा म्हणजे दिवा, असे धरले आहे. सामान आहे तेच वापरायचे: वापरलेला लहान (क्रॉप) सेन्सरचा कॅमेरा, 150-600 मिमीचे जुने झूम, एक 70-200, एक रुंद कोनाचे 18 मिमी आणि एक गोल पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारी काच.

5 नोव्हेंबर, रविवार. जुना बाजार

पाण्याच्या काठावर कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवायचा तर तिपाई निरुपयोगी ठरते आणि हातात धरून पोटावर पडले की दहा मिनिटांत मनगटे जातात. परदेशातील लोक यासाठी तळणीच्या तव्यासारखे एक तयार साधन वापरतात, पण आपल्या घरात त्याहून चांगली वस्तू आहे. जुन्या बाजारात 16 इंची अॅल्युमिनियमची परात 180 रुपयांना मिळाली. कड वर वळलेली असल्याने चिखलावरून ढकलली तर ती नांगरासारखी रुतत नाही, होडीसारखी सरकते.

परातीच्या मधोमध छिद्र पाडून त्यात बोल्ट बसवायचा आणि त्यावर बॉलहेड, म्हणजे कॅमेरा हवा तसा वळवू देणारे गोल डोके, फिरवायचे, एवढेच काम होते. त्यात माझा अख्खा रविवार गेला, कारण मी 10 मिमीचा बोल्ट घेऊन आलो. बॉलहेडच्या तळाचा आटा 3/8 इंचाचा असतो आणि 10 मिमीचा बोल्ट त्यात शिरतच नाही. जोर लावला तर पितळी आटा कायमचा जाईल, म्हणून थांबलो ते बरे झाले. हार्डवेअरच्या दुकानात इंचांत मागण्याऐवजी ‘तीन सुताचा बोल्ट’ मागितला की काम होते, कारण एक सूत म्हणजे 1/8 इंच. बरोबर दोन रुंद वायसर आणि एक चेकनट घ्यावा. वायसर नसेल तर पातळ पत्रा बोल्टभोवती वाकतो आणि सगळे डोलायला लागते.

19 नोव्हेंबर, रविवार. कवडीपाट, पहिला प्रयोग

सोलापूर रस्त्यावरून कवडीपाटकडे वळले की मुळा-मुठेवरचा जुना बांध लागतो. त्याच्या खाली पाणी उथळ पसरते आणि थंडीत चक्रवाक, थापट्या, तुतवार, शेकाटे सहज दिसतात. नदीत शहराचे सांडपाणी येते, फेस असतो, वास असतो. पक्ष्यांना तिथे अन्न मिळते आणि आपल्याला तिथेच झोपायचे असते, ही अडचण आधी समजून घ्यावी.

आज तीन गोष्टी बिघडल्या. पहिली म्हणजे बोल्टच्या छिद्रातून परातीत पाणी आले आणि बॉलहेड अर्धे बुडाले. दुसरी म्हणजे अॅल्युमिनियम सकाळच्या कोवळ्या उन्हात इतके चमकले की चक्रवाकांची जोडी मी पोहोचण्यापूर्वीच ओरडत उठली. तिसरी चूक महागात गेली असती. भिंगाच्या पायाला लावलेल्या पट्टीचा मूळ स्क्रू हरवल्यामुळे मी तिथे 6 मिमीचा स्क्रू लावला होता. तिथला आटा 1/4 इंचाचा, म्हणजे दोन सुताचा. 6 मिमीचा स्क्रू आत जातो, दोन आटे धरल्यासारखा वाटतो आणि मग सुटतो. झूम परातीतच पडले म्हणून वाचले.

बांधावरून जाणाऱ्या एका काकांनी थांबून विचारले, “काय हो, चक्कर आली का?” मी पालथा पडलो होतो आणि शेजारी परात होती, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. तेव्हापासून पोटावर पडण्याआधी आसपासच्या माणसांना सांगून ठेवतो.

26 नोव्हेंबर, रविवार. दुरुस्ती आणि पहिले यश

आठवडाभरात छिद्राला दोन्ही बाजूंनी एम-सील भरले, आतून-बाहेरून रेड ऑक्साइड मारून वर बिनचकाकीचा मेंदी रंग दिला आणि पट्टीला दोन सुताचा योग्य स्क्रू लावला. खाली बाहेर आलेले बोल्टचे डोके दगडाला अडत होते, म्हणून त्यावर जुन्या ट्यूबच्या रबराचा चौकोनी तुकडा चिकटवला.

आज सव्वासहाला जागेवर जाऊन पडून राहिलो आणि पक्षी येण्याची वाट पाहिली. गेल्या वेळी मी पक्ष्यांकडे सरकत होतो, यातच सगळा फरक होता. पाऊण तासाने एक शेकाट्या 12 मीटरवर येऊन चरू लागला. भिंगाचे तोंड पाण्यापासून वीतभर वर असल्याने मागचा काठ 60-70 मीटर दूर गेला आणि त्याचा नुसता पिवळसर धूर झाला. पाय, प्रतिबिंब आणि लाल डोळा एका उभ्या रेषेत आले. तेच भिंग, तोच पक्षी, तेच पाणी. उंची फक्त दीड मीटरने कमी झाली.

एक सूचना. पडद्यावर पाहून चित्र घ्यायचे तर मागून ऊन आल्यावर काहीच दिसत नाही. डोक्यावर काळे कापड घेतले की दिसते, फक्त थंडीतही घाम फुटतो. पांढऱ्या बगळ्यासमोर कॅमेऱ्याचे मापन फसते. मागे गडद पाणी असेल तर ते पिसे जाळून टाकते, म्हणून अशा वेळी मी प्रकाशाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) -1 वर ठेवतो आणि मानेवरची पिसे वेगळी दिसतात का ते मोठे करून पाहतो.

कोपर आणि पोटावर दोन दिवस खाज सुटली. पुढच्या खेपेपासून रेनकोटची पँट, गमबूट आणि खाली ताडपत्री.

17 डिसेंबर, रविवार. मोड आलेली पिशवी

गाडीच्या खिडकीवर भिंग टेकवण्यासाठी जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तीत दोन किलो मटकी भरली होती. धान्य भिंगाच्या आकाराप्रमाणे बसते आणि वाळूसारखे गळून आट्यांत शिरत नाही, हा हिशोब बरोबर होता. पण मागच्या रविवारी पिशवी परातीतल्या पाण्यात भिजली, मी ती तशीच डिकीत टाकली आणि आज उघडली तर शिवणीतून मोड बाहेर आले होते. मिसळीला उपयोगी पडतील का, असे घरी विचारण्याची हिंमत झाली नाही. आता पिशवीत धान्याऐवजी प्लॅस्टिकचे दाणे आहेत.

21 जानेवारी 2024, रविवार. कुंभारगाव

उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ कुंभारगावला पहाटे चारला निघून गेलो. यंदा धरण पूर्ण भरलेच नव्हते, त्यामुळे पाणी लवकर ओसरले आहे आणि काठापासून पाण्यापर्यंत गाळाचा रुंद पट्टा आहे. त्यावर पाय ठेवण्याचा विचारही करू नये. मी एका पावलात गुडघ्यापर्यंत गेलो आणि गमबूट तिथेच राहिला. तो नावाड्याने वल्ह्याने काढून दिला.

नावेतून रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) मोठे थवे दिसले. नऊ ते साडेदहा या वेळात 600 छायाचित्रे घेतली. संध्याकाळी संगणकावर पाहिले तर एकही धारदार नाही. माना लाटांसारख्या वाकलेल्या आणि पिसांच्या कडा वितळलेल्या. भिंगच बिघडले असे गृहीत धरून ते दुसऱ्याच आठवड्यात तपासायला दिले. तपासणीचे 1,200 रुपये घेऊन दुकानदाराने भिंग ठीक असल्याचे सांगितले आणि ते खरेच ठीक होते.

बिघाड हवेत होता. पहाटेचा गारवा असताना ऊन वर आले की गाळ, दगड आणि पाणी वेगवेगळ्या वेगाने तापतात आणि त्यावरची हवा थरथरते. 600 मिमीच्या भिंगातून 100 मीटर दूरचे पाहताना आपण त्या सगळ्या थरथरीतून पाहत असतो. भिंग जितके लांब आणि कॅमेरा जमिनीच्या जितका जवळ, तितका हा त्रास वाढतो. माझी परात इथे उलट माझ्या विरुद्ध गेली. यावर उपाय दोनच आहेत: साडेआठच्या आत काम संपवणे किंवा पक्षी 25-30 मीटरच्या आत येईपर्यंत बोट न दाबणे. सॉफ्टवेअरमधील कोणताही धार वाढवणारा पर्याय याला उपयोगी पडत नाही. मी तीन संध्याकाळी त्यावर वाया घालवल्या आहेत.

11 फेब्रुवारी, रविवार. पुन्हा कुंभारगाव

नावाड्याला आदल्या दिवशी फोन करून साडेसहाची वेळ ठरवली. नावेच्या कडेवर पिशवी ठेवून, तळाशी बसून भिंग पाण्यापासून दोन वितींवर आणले. थव्यावर नाव नेऊ नका, वाऱ्याच्या बाजूला थांबवा आणि इंजिन बंद ठेवा, असे आधीच सांगितले. बाकीच्या नावा थव्याजवळ जाऊन पक्षी उडवून दाखवत होत्या, कारण उडणारे गुलाबी पंख सगळ्यांनाच हवे असतात. आमचे नावाडीदादा म्हणाले, “तुम्ही बसा गप, तेच येतील.” वीस मिनिटांत चरत चरत सात रोहित 30 मीटरवर आले. शटर 1/1250 सेकंद, छिद्र एफ/8, आयएसओ (प्रकाशसंवेदना) 640. त्यातली दोन छायाचित्रे संचात गेली.

परतताना काठच्या हरभऱ्याच्या शेतात पट्टकादंब हंस चरत होते. तिथे परात लागली नाही. गाडी बांधाला लावून खिडकीतून पिशवीवर काम झाले. गाडीतून उतरले की हंस उठतात, आत बसून राहिले की ते गाडीला गृहीत धरतात.

3 मार्च, रविवार. दौंडकडचा ऊस

गळिताचा हंगाम संपत आला आहे आणि रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अजून रात्रंदिवस चालू आहेत. त्यांना स्थिर टिपले तर ट्रॅक्टर उभा आहे असे वाटते, म्हणून कॅमेरा त्यांच्याबरोबर फिरवत 1/40 सेकंदाने घ्यायचे होते. भर उन्हात आयएसओ 100 आणि एफ/16 ठेवूनही शटर 1/100 च्या आसपासच येते. पोलरायझर लावला की सुमारे दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) प्रकाश कमी होतो आणि 1/40 मिळते. पोलरायझरचा हा उपयोग मला आधी सुचला नव्हता.

140 छायाचित्रांपैकी 6 बरी आहेत. ट्रॅक्टर धडधडतो, चालक वर-खाली होतो आणि कॅमेरा फक्त आडवा फिरतो, त्यामुळे बहुतेक चित्रांत चाक धारदार आणि माणूस हललेला आहे. टायरगाडीचे काम याहून सोपे निघाले. बैलांची चाल संथ असते, 1/15 ठेवले तरी बैलाचा डोळा स्थिर राहतो आणि पाय पुसट होतात. रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून, भिंग ट्रॅक्टरच्या दिव्याच्या उंचीवर ठेवले होते. वाढलेल्या उसाची टोके डांबरी रस्त्यापर्यंत येतात, हे खाली बसलेल्या माणसाने विसरू नये. गालावर एक ओरखडा आहे.

14 एप्रिल, रविवार

आज काहीच घेतले नाही. कवडीपाटला वरच्या बाजूच्या गोट्यांत परात सरकवत असताना एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली. पाच मिनिटे मी तिचीच उडतानाची चित्रे घेत होतो, आणि मग कळले की ती कुठेच जात नाही. कोपरापासून दोन हातांवर गोट्यांमध्ये चार अंडी होती, गोट्यांसारखीच ठिपक्यांची. आलो त्याच मार्गाने मागे सरकत निघालो. डोळ्याच्या पातळीवरून पुढची जमीन दिसत नाही, हा परातीचा मोठा दोष आहे. एप्रिल ते जून या काळात गोट्यांच्या काठावर परात न्यायची नाही, असे ठरवले. ती पाच मिनिटांची चित्रे पुसून टाकली.

19 मे, रविवार. जीप

यवतच्या पुढे एका शेतकऱ्याकडे उंच बॉनेटची लाल सीजे-3बी जीप आहे. आजोबांनी घेतलेली आणि अजून कडबा वाहणारी. महिंद्राने 1947 पासून विलिस जीप इथे जुळवायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली ही. मालकांची परवानगी घेतली, मोबदला म्हणून चहा आणि छापील प्रत देण्याचे ठरले.

पहिल्या तासाची सगळी छायाचित्रे वाया गेली. जवळून 18 मिमीने घेतल्यावर जीपचे नाक फुगले आणि मागचा भाग आक्रसला. मग 15 पावले मागे जाऊन 100 मिमीने, कॅमेरा परातीवर ठेवून दिव्याच्या मध्यरेषेच्या किंचित खालून घेतले. आता जाळीच्या फटी सरळ उभ्या राहिल्या आणि मागचा गोठा लहान झाला. पुढची चाके कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूला थोडी वळवायला सांगावीत, म्हणजे टायरची जाडी दिसत नाही, चाकाचा चेहरा दिसतो.

पोलरायझरने रंगावरचे आणि काचेवरचे आकाश बरेच कमी झाले, पण दिव्याच्या चकचकीत कड्यात मी, माझी टोपी आणि परात तशीच दिसत राहिली. उघड्या धातूवरचे प्रतिबिंब पोलरायझरने जात नाही. त्यासाठी सूर्य मावळल्यावर पंधरा मिनिटे थांबलो आणि स्वतः दूरून रिमोटने शटर दाबले. त्या पंधरा मिनिटांत रंग खोल येतो आणि सावल्या कठोर राहत नाहीत. मुंबईच्या पद्मिनींच्या वेळी मी नेमकी हीच वेळ रेल्वेत घालवली होती.

मालकांनी विचारले की ‘व्हिंटेज’ नंबर मिळतो म्हणतात, घ्यावा का. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात फारसा बदल न झालेल्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो आणि नव्या नोंदणीला 20,000 रुपये लागतात, हे सांगितले. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर वापरता येत नाही, असे म्हणताच त्यांनी विषय संपवला. “मग कडबा काय डोक्यावर आणू?”

7 जुलै, रविवार. बुरशी

जूनमध्ये पावसात कमी बाहेर पडलो आणि 70-200 कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवले. आज भिंगातून विजेरी टाकून पाहिली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे दोन ठिपके. सफाईचे 3,500 रुपये झाले आणि भिंग तीन आठवडे दुकानात राहिले.

कोरड्या पेटीची व्यवस्था पावसाळ्याआधी करायला हवी होती. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा 380, सिलिका जेल 300 आणि आर्द्रतामापक 450 रुपये. आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांत ठेवतो. निळे मणी गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरता येतात, पण त्यांत कोबाल्टचे क्षार असतात, म्हणून ते स्वयंपाकाच्या कढईत तापवू नयेत. जुना तवा वेगळा ठेवावा. हे मला शिकवणारी व्यक्ती घरातलीच आहे आणि तिची कढई मी बदलून दिली.

21 जुलै, रविवार. चतुरांसाठी नळी

माझे 600 मिमीचे भिंग पावणेतीन मीटरच्या आत फोकस करत नाही आणि त्या अंतरावर टाचणी (चतुराचा बारीक अंगाचा भाऊबंद) म्हणजे चौकटीत एक काडी. उपाय म्हणून भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी 650 रुपयांना मागवली. तिच्यात विजेचे संपर्कबिंदू नसल्याने छिद्राचे नियंत्रण गेले आणि भिंग पूर्ण उघडेच राहिले. चतुराचा एक डोळा धारदार आणि दुसरा धूसर. संपर्कबिंदू असलेली 36 मिमीची नळी 2,400 ला घेतली, तीच पहिल्यांदा घ्यायला हवी होती. नळी लावल्यावर दूरचा फोकस जातो, त्यामुळे मध्येच पक्षी आला तर नुसते पाहायचे.

15 ऑगस्ट, गुरुवार. गच्चीवरचे पिंप

जूनच्या पहिल्या पावसात गच्चीवर अर्धे कापलेले पिंप (250 रुपये) ठेवून त्यात माती, पाणकणीस आणि पावसाचे पाणी घेतले होते. सोसायटीत डासांवरून तक्रार झाली. चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात हे माझे म्हणणे सभेत टिकले नाही आणि तडजोड म्हणून मी त्यात गप्पी मासे सोडले. पंधरा दिवसांत बारीक जीव दिसेनासे झाले. मग मासे काढून खालच्या हौदात सोडले आणि दर रविवारी सचिवांना पिंपात विजेरी टाकून दाखवायचे, या अटीवर पिंप राहिले.

भटक्या चतुराच्या, म्हणजे पँटाला फ्लेव्हेसेन्सच्या, अळ्या झपाट्याने वाढतात. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांवर जगणाऱ्याला तसे करावेच लागते. हाच चतुर भारतातून मालदीवमार्गे आफ्रिकेकडे जात असावा, असे चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये मांडले होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन अळ्या वर येऊन गुळगुळीत कडेवरून घसरून पडल्या. पिंपाला खरखरीत काठ नाही हे माझ्या लक्षातच आले नव्हते. बांबूच्या न तासलेल्या चार काठ्या तिरप्या लावल्यावर काल रात्री साडेअकराला एक अळी वर चढली. पाठ फाटून फिकट चतुर बाहेर आला, लोंबकळत राहिला आणि पंख उलगडायला दीड तास लागला. टॉर्चवर पातळ कागद लावून उजेड मंद केला, कॅमेरा तिच्या पातळीवर तिपाईवर स्थिर ठेवला आणि 1 सेकंदाचे शटर वापरले. उजाडायच्या आत तो उडून गेला. संचातल्या या छायाचित्रासाठी मला कुठेही झोपावे लागले नाही. उलट, मी झोपलोच नाही.

1 सप्टेंबर, रविवार. कालव्याकाठी

लोणी काळभोरजवळ मुठा उजव्या कालव्याच्या पाझराच्या डबक्यांवर चतुर भरपूर आहेत. बसणारा नर एका काडीवरून उठतो आणि बहुधा त्याच काडीवर परत येतो, म्हणून त्याच्या मागे धावण्यात अर्थ नाही. काडीवर फोकस करून ठेवावा. सावली त्याच्यावर पडू देऊ नये आणि शेवटचे दोन मीटर गुडघ्यांवर जावे.

बाजूने घेताना सेन्सर चतुराच्या शरीराला समांतर नसेल तर एफ/11 लाही शेपटीचे टोक पुसट होते. कॅमेरा एका बोटाने डावी-उजवीकडे सरकवून तीन-चार कोन घेतो, त्यातला एक जमतो. दुपारी ऊन डोक्यावर आल्यावर काही चतुर शेपूट सूर्याकडे ताठ उभारतात, अंगावर कमीत कमी ऊन पडावे म्हणून. ते चित्र हवे असेल तर दुपारीच जावे लागते, एरवी सकाळी साडेसातच्या आधी, पंखांवर दव असताना, ते हलत नाहीत.

22 सप्टेंबर, रविवार. छपाई आणि हिशोब

पहिले सहा ठसे काळवंडलेले आले. संगणकाचा पडदा इतका प्रखर ठेवला होता की त्यावर बरोबर दिसणारे कागदावर अंधारात गेले. पडद्याचा उजेड निम्म्याहून कमी करून पुन्हा तयारी केली, तीन चाचण्या घेतल्या आणि मग छापले. 24 पैकी 21 झाली. तीन चतुरांची राहिली.

खर्च: परात, बोल्ट, रंग आणि एम-सील 420, बॉलहेड 1,900, भिंगतपासणी 1,200, दोन नळ्या 3,050, पिंप 250, बुरशीसफाई 3,500, कोरडी पेटी 1,130, तीन वेळची नाव 3,000, छपाई 4,100, पेट्रोल 13,950. एकूण 32,500 रुपये. यातील तपासणी, पहिली नळी आणि बुरशी मिळून 5,350 रुपये सरळ माझ्या घाईचे आणि आळसाचे आहेत. सर्वांत जास्त वापरलेली वस्तू 180 रुपयांची आहे.

12 ऑक्टोबर, शनिवार. दसरा

जीपच्या मालकांना छापील प्रत द्यायला यवतला गेलो. जीप धुऊन, झेंडूचे तोरण बांधून उभी होती आणि शेतावर भटक्या चतुरांचे थवे फिरत होते. प्रत पाहून काकांनी पहिल्यांदा मागच्या गोठ्यातला बैल ओळखला.

तेवढ्यात एक मादी ओल्या बॉनेटवर येऊन शेपटीने टपटप टेकवू लागली. चकचकीत रंगावरून परावर्तित होणारा प्रकाश पाण्यावरच्या प्रकाशासारखाच ध्रुवित असतो. पोलरायझर फिरवून मी मे महिन्यात जी चकाकी काढून टाकली होती, तीच पाहून ती फसली होती आणि तापणाऱ्या पत्र्यावर अंडी घालत होती. भिंगावर पोलरायझर चढलेलाच होता. तो काढायचे सुचले नाही, शटर 1/160 वर उतरले आणि अकराही चित्रांत एक पिवळट डाग आहे. मी बॉनेटवर वर्तमानपत्र पसरले तेव्हा ती विहिरीकडे गेली.

उरलेल्या तीनपैकी एक जागा त्या चित्रासाठी मोकळी ठेवली आहे. पुढच्या रविवारी जीप पुन्हा धुवाल का, असे काकांना विचारले. ते म्हणाले, “आता एकदम दिवाळीला.”